पाच वर्षांचा आकडा, दुसऱ्याच वर्षी युद्ध

१९६२ च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि पुढे १९६४-६९ ची पहिली संरक्षण योजना आली. ५००० कोटी रुपये, सव्वाआठ लाखांचं सैन्य, हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन. '१९६५ ला आपण तयार होतो ते या योजनेमुळे' असं तुम्ही नोट्समध्ये वाचलं असेल. तारखा लावून बघा ना! योजना सुरू होऊन दीड वर्ष होत नाही तोच युद्ध. इतक्यात कितीसं पिकणार?

मला खरा प्रश्न त्या एका आकड्याचा वाटतो. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ वरून ७.५० वर गेला. डॉलरमध्ये घ्यायचं तेच यंत्र रुपयांत दीडपटीहून महाग. आमच्या मूर्तिजापूरकडचा जाणता कास्तकार दुबार पेरणीचे पैसे जमलं तर बाजूला ठेवतो. पाऊस कधी दडी मारेल हे त्यालाही ठाऊक नसतं, म्हणूनच ठेवतो.

१९६९-७४ ची योजना मात्र दरवर्षी तपासून एकेक वर्ष पुढे सरकवायची ठरली. संशोधनाचा विषय शोधत असाल तर इथे थांबा. नोट्समध्ये या बदलाला जेमतेम एक ओळ मिळते.