‘हक्काने’ या एका शब्दासाठी

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचं देऊळ पूर्वी खाली किनाऱ्याला होतं; समुद्र आत शिरला तसे देव वर आले, असं गाव सांगतं. वर पोचलं की खाली नारळी-पोफळी आणि पलीकडे तोच समुद्र. जागा बदलली, चिरे बदलले, तरी देऊळ तेच कसं?

मला याचं उत्तर एका कायद्यात सापडलं. 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम. आता नावात ‘महाराष्ट्र’ आहे. त्याच्या कलम 2(17) मध्ये देवळाची व्याख्या आहे. तीत कळस नाही, गाभारा नाही, बांधणाऱ्याचं नावही नाही. नाव कोणतंही असो, सार्वजनिक उपासनेची जी जागा हिंदू समाजाला अर्पण केलेली आहे किंवा जिथे तो समाज उपासनेला हक्काने येतो, ते देऊळ. ‘हक्काने’! कुणाच्या मेहेरबानीने नव्हे, माहेरी जावं तसं. कायद्याच्या भाषेत भक्ताचा इतका मान मी दुसरीकडे वाचलेला नाही.

सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेत काय काय येतं, याची कलम 2(13) मधली यादी तर मोठ्याने वाचावी: मठ, वक्फ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी, धर्मादा. अग्यारी पारशी मोहल्ल्यातली. धर्मादा बाजारपेठेतला, व्यवहारात रूढीने धर्मकार्यासाठी कापून घेतलेला पैसा. कलम 54 म्हणतं, तो व्यापाऱ्याच्या हाती विश्वस्त म्हणूनच असतो. हे शब्द दिल्लीत बसून सुचले नसते. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, 28 व्या नोंदीत, धर्मादाय आणि धार्मिक संस्था आहेत, म्हणून राज्याला आपल्या माणसांच्या तोंडचे शब्द कायद्यात घालता आले. 

राज्याच्या या अधिकाराला कुंपणही आहे. धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये, रतिलाल गांधी खटल्यात, रद्द ठरवली. ते योग्यच झालं. हिशेब सरकारने तपासावा, देव्हाऱ्यात बसू नये.

देवस्थानाची जमीन विकायला मात्र आयुक्तांची परवानगी लागते, कलम 36. कोकणात जमिनीचे भाव चढत असताना हे कलम गावाने पाठ करावं. आपल्या देवळाची नोंदणी असेल, तर धर्मादाय कार्यालयातून त्या नोंदीचा, म्हणजे परिशिष्ट एकचा, उतारा काढा आणि मिळकतीचा रकाना एकदा स्वतः वाचा.