शरण आणि सरण

वारकरी भक्तीतील आत्मसमर्पणाचा गौरव वाचताना आम्हांस चोखोबा आठवतात. त्यांच्या प्रेमाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु विटाळाला प्रश्न करणारे हेच संत काही अभंगांत आपला हीन जन्म पूर्वकर्माचे फळ मानतात. सर्वस्व देवाला वाहिले, त्यात तक्रारही गेली! पुत्र कर्ममेळ्याने मात्र देवालाच जाब विचारला. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या मुळावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास व चोखोबा यांच्या स्मृतीस अर्पिला. तो आदर व्यक्तींचा, मार्गाचा नव्हे. त्रिसरण आम्हीही म्हणतो, हा आक्षेप रास्त आहे. मात्र महापरिनिब्बान सुत्तात तथागत भिक्खूंना ‘अत्तसरण’ होण्यास सांगतात. चोखोबांची समाधी मंदिराच्या दाराबाहेर आहे. ते दार अस्पृश्यांस १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले.