ऑनलाइन अध्यापन-मंचाचे क्लाउडवरील चाचणी-स्थळ : सारखेपणाचा प्रश्न

प्रास्ताविक

मार्टिन डूजियामास यांनी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे विकसित केलेल्या 'मूडल' या अध्यापन-मंचाची पहिली आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. मुक्त स्रोत परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध असल्यामुळे जगभरातील शिक्षणसंस्थांनी तो स्वीकारला. २०२० च्या टाळेबंदीनंतर महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही टिपणे, स्वाध्याय, अंतर्गत मूल्यमापन आणि गुणनोंद या कामांसाठी अशा मंचांचा उपयोग वाढला. मंचावर केवळ टिपणे होती तोपर्यंत तो एखादा दिवस बंद पडला तरी फारसे बिघडत नव्हते. गुण त्यावर आले आणि परिस्थिती बदलली.

मूडलची नवी आवृत्ती चालू स्थळावर बसविण्यापूर्वी ती वेगळ्या चाचणी-स्थळावर तपासावी, हा संकेत जुना आहे व त्यामागे सबळ कारण आहे. नवी आवृत्ती बसविताना डेटाबेसची रचना बदलते आणि तो बदल एकमार्गी असतो. जुन्या आवृत्तीकडे परतण्याचा मार्ग म्हणजे आधी घेतलेली संपूर्ण प्रत पुन्हा बसविणे. मधल्या काळात विद्यार्थ्यांनी सादर केलेले स्वाध्याय त्यात जातात. पूर्वी या कामासाठी प्रयोगशाळेतील एखादा जुना संगणक वापरला जाई. अॅमेझॉनने २००६ मध्ये ताशी भाड्याने संगणकशक्ती देण्यास प्रारंभ केल्यानंतर हे काम क्लाउडवर होऊ लागले. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत माहिती-केंद्रे सुरू केल्यामुळे अंतराची अडचणही राहिली नाही. सोय झाली, यात शंका नाही. तथापि या स्थळाची उभारणी ही केवळ तांत्रिक बाब आहे असे मानून ती सर्वस्वी तंत्रसाहाय्यकावर किंवा पुरवठादारावर सोपविण्याची जी प्रथा रूढ झाली आहे, ती तपासून पाहणे आवश्यक आहे. चाचणी-स्थळ चालू स्थळासारखे असावे, एवढे सर्वजण सांगतात. कोणत्या बाबतीत सारखे असावे आणि कोणत्या बाबतीत मुळीच असू नये, हा निर्णय मात्र शैक्षणिक आहे.

प्रतिकृतीतील धोके

मूडलचे स्थळ तीन भागांचे असते : आज्ञावली, डेटाबेस आणि विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी चढविलेल्या फाइलींचा संचय. तिन्ही भाग नव्या यंत्रावर उतरविले की प्रतिकृती तयार होते, अशी समजूत आहे. परंतु डेटाबेस कोठे आहे, स्थळाचा पत्ता कोणता, हे सांगणारी संरचना-फाइलही त्यांच्याबरोबर जाते. ती जशीच्या तशी राहिली आणि नव्या यंत्राला जुन्या डेटाबेसपर्यंत पोहोचता आले, तर चाचणी म्हणून केलेली नोंद प्रत्यक्ष गुणपत्रकात जाऊन बसते. पाठांच्या मजकुरात पूर्ण पत्त्यासह दिलेले दुवे तर त्याहून फसवे असतात. अध्यापक चाचणी-स्थळावर आहोत अशा समजुतीने एका दुव्यावर क्लिक करतो आणि न कळत चालू स्थळावर येतो. दोन्हींचे रूप एकच असल्याने फरक कळण्याचा मार्ग नसतो. चाचणी-स्थळाच्या शीर्षपट्टीचा रंग बदलणे हा साधा उपाय आहे, पण सारखेपणाच्या आग्रहात तोच विसरला जातो.

ईमेलचेही तसेच. प्रतिकृतीत विद्यार्थ्यांचे खरे पत्ते असतात आणि नियतकालिक कामे सुरू होताच ती 'स्वाध्यायाची मुदत संपत आहे' अशी पत्रे पाठवू लागते. सर्व पत्रे रोखण्याची अथवा एकाच पत्त्याकडे वळविण्याची सोय मूडलमध्ये आहे. मात्र ती प्रतिकृती सुरू करण्यापूर्वी वापरावी लागते.

भारचाचणीची मर्यादा

मंच किती विद्यार्थ्यांचा भार पेलेल, हे पाहण्यासाठी मूडलमध्येच दोन साधने आहेत. एक, लहानमोठ्या आकाराचे कृत्रिम अभ्यासक्रम निर्माण करते. दुसरे, जेमीटर या भारचाचणीच्या आज्ञावलीसाठी आराखडा तयार करून देते. ही साधने उपयुक्त आहेत, पण त्यांची वर्दळ मुख्यत्वे स्थळावर प्रवेश करणे, पान पाहणे, चर्चामंचावर उत्तर लिहिणे अशा कृतींची आहे. परीक्षेची वर्दळ निराळी. समजा, ६०० विद्यार्थ्यांची परीक्षा सकाळी दहाला आहे. त्यांचा प्रवेश दहा मिनिटांत समप्रमाणात विभागला तर सेकंदाला एक विद्यार्थी येतो आणि लहानसे यंत्रही तो भार पेलते. प्रत्यक्षात पहिल्याच मिनिटाला सारे येतात. प्रमाण दसपट होते. त्यात ज्यांचे पान उघडले नाही ते ते पुन्हा पुन्हा ताजे करतात, म्हणजे यंत्र थकू लागताच मागणी वाढते. ही अधीरता आराखड्यात कोण घालणार? परीक्षा घेतलेल्या अध्यापकालाच ती ठाऊक असते.

यंत्राच्या निवडीतही एक गफलत होते. क्लाउडवरील स्वस्त यंत्रांपैकी अनेक यंत्रे थोडा वेळ पूर्ण वेगाने चालतात आणि वेगाची साठवण संपल्यावर मंदावतात किंवा जास्तीचे शुल्क आकारू लागतात. पंधरा मिनिटांच्या चाचणीत असे यंत्र उत्तीर्ण होते. परीक्षा दोन तासांची असते.

भाषेचा मुद्दा थोडक्यात नोंदविणे पुरे. कृत्रिम अभ्यासक्रमातील भरताड मजकुरावरून मराठीच्या प्रश्नपत्रिकेविषयी काहीच कळत नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट व्यापते. जोडाक्षरे पीडीएफमध्ये सुटी पडतात का, नावांचा अनुक्रम बरोबर लागतो का, हे खऱ्या मराठी मजकुरावरच पाहावे लागते.

विद्यार्थ्यांची माहिती

येथपर्यंतचा विचार चाचणी-स्थळ अधिक सारखे करण्याच्या दिशेने नेतो. नेमका येथेच विरोध उत्पन्न होतो. खरा मजकूर, खऱ्या फाइली, खरी गुणसंख्या हवी म्हणून संपूर्ण डेटाबेस उचलून क्लाउडवर ठेवला जातो आणि त्यासोबत विद्यार्थ्यांची नावे, पत्ते, गुण, क्वचित जातीचे दाखले व वैद्यकीय प्रमाणपत्रेही जातात. चालू स्थळाला असलेले संरक्षण या प्रतीला नसते. परवलीचा शब्द सोपा, प्रवेश अनेकांना, देखरेख कोणाचीच नाही, आणि हे सारे 'चाचणीच तर आहे' या सबबीखाली.

यावर नावे बदलण्याचा उपाय सांगितला जातो. अभ्यासक्रमाची प्रत घेताना वापरकर्त्यांची ओळख पुसण्याची सोय मूडल देते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु ओळख केवळ नावाच्या रकान्यात नसते. स्वाध्यायाच्या पहिल्या पानावर विद्यार्थिनीने स्वहस्ते नाव लिहिलेले असते. फाइलीच्या नावातच हजेरी क्रमांक असतो. चर्चामंचावर सहाध्यायी एकमेकांना नावाने हाक मारतात. पाली किंवा अर्धमागधीच्या वर्गात तीनच विद्यार्थी असतील तर नाव नसतानाही गुण कोणाचे हे कळते. म्हणून नावे पुसलेली प्रत निर्धोक आहे, हे विधान तपासल्याविना स्वीकारता येत नाही. अध्यापकांनी स्वतः रचलेला, पंचवीस-तीस काल्पनिक विद्यार्थ्यांचा, मराठी मजकुराचा, मुद्दाम चुका पेरलेला एक नमुना-वर्ग अधिक उपयोगी ठरेल. आवृत्तीबदलाची तालीम मात्र पूर्ण डेटाबेसवरच करावी लागते, हे मान्य केले पाहिजे. ती चालू स्थळाइतक्याच बंदोबस्तात, मोजक्या तासांसाठी करावी.

व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा भारतात २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याची तरतूद झाली. या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती मूल ठरते. म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गातील बहुतांश विद्यार्थी त्यात येतात. तसेच माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्या संस्थेकडे दिले तरी जबाबदारी ती देणाऱ्याकडेच राहते. पुरवठादाराशी केलेल्या कराराचा आधार महाविद्यालयाला पुरणारा नाही.

चाचणी संपल्यावरचा टप्पा तर बहुतेक आराखड्यांत येतच नाही. क्लाउडवरील यंत्र थांबविले की त्याचे ताशी भाडे थांबते आणि काम संपले असे वाटते. डिस्क मात्र तशीच राहते, तिच्या घेतलेल्या प्रतीही राहतात, आणि दोन्हींचे शुल्क दरमहा देयकात लहानशा रकमेने येत राहते. रक्कम किरकोळ असल्याने लेखाविभाग विचारणा करत नाही. उभारणी करणारा तंत्रसाहाय्यक कंत्राटी असेल तर एव्हाना तो दुसरीकडे रुजू झालेला असतो, आणि खात्याचा परवलीचा शब्द त्याच्यापाशीच असतो.