ताण कुठून येतो? ‘पाठलाग’, ‘मेरा साया’ आणि आपली रहस्यकथा

मराठी रहस्यकथा सिनेमाकडून बरेच काही उसने घेते. अर्ध्यावर तोडलेला प्रसंग, मध्येच उघडणारा भूतकाळ, रात्री वाजणारा फोन हे सारे आता कथेत सर्रास आढळते. तरीही अनेक कथा वाचून संपतात आणि मनात काहीच रेंगाळत नाही. असे का व्हावे, याचा शोध आम्ही इथे दोन जुन्या चित्रपटांच्या आधाराने घेत आहोत.

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ साली आला. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवर तो बेतलेला होता. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या त्यात भूमिका होत्या. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, राज खोसला यांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ केला. साधना आणि सुनील दत्त त्यात होते. गीते राजा मेहदी अली खाँ यांची आणि संवाद उर्दूचे थोर कवी अख्तर-उल-ईमान यांचे. मराठी कथा उर्दू जबानीत बोलू लागली आणि देशभर पोहोचली. घरात उर्दू आणि लेखणीत मराठी बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट जवळची वाटावी.

कथेचा गाभा साधा आहे. वकील असलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांदेखत बायको मरते. पुढे पोलीस एका स्त्रीला पकडतात. ती हुबेहूब तशीच दिसते आणि म्हणते, मीच तुमची बायको. खटला उभा राहतो, आणि तिची उलटतपासणी नवराच घेतो.

यातला ताण येतो कुठून? आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले होते. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर पंधरा मिनिटांचा ताण मिळतो. ‘मेरा साया’त मात्र प्रेक्षकाला नायकापेक्षा जास्त काही ठाऊक नसते. मृत्यू त्यानेही पाहिलेला असतो. आता डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की त्या स्त्रीच्या शब्दांवर, हा पेच त्याचाही होतो.

येथे फ्लॅशबॅकचा उपयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. एरवी भूतकाळ उलगडला की शंका फिटते. येथे ती स्त्री संसारातली एकेक खासगी आठवण अचूक सांगते आणि प्रत्येक खऱ्या उत्तरासरशी पेच घट्ट होतो. ती खोटी असेल तर तिला हे कळले कसे? ती खरी असेल तर चितेवर कोण गेले? माहिती वाढते आणि ताणही वाढतो. आपल्या कथाकारांनी शिकावे ते हे. माहिती दडवून ठेवणे सोपे, ती देऊन ताण वाढवणे अवघड.

दुहेरी भूमिकेत कॅमेरा कितीही जवळ गेला तरी चेहरा उत्तर देत नाही. गद्यात चेहराच नसतो. तिथे हे काम नावाने करावे लागते. निवेदक तिला ‘ती बाई’ म्हणतो की बायकोच्या नावाने हाक मारतो, आणि कोणत्या वाक्यापासून, हाच लेखकाचा क्लोज-अप.

१९६९ चा यश चोप्रा यांचा ‘इत्तेफाक’ दुसरी वाट दाखवतो. ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून तो घेतला होता. एकही गाणे नाही, जवळजवळ सारे एका घरात, एका रात्रीत. तिथे बंद दार आणि शांतता हेच संगीत.

‘मेरा साया’चा शेवट मात्र आम्हांला उणा वाटतो. जुळ्या बहिणीचा खुलासा येतो आणि गाठ सुटते. पण ज्या माणसाने भर कोर्टात बायकोला ओळख नाकारली, त्याच्या मनाचे काय? आपण कोण आहोत हे घरच्या माणसापुढेच सिद्ध करावे लागले, त्या स्त्रीचे काय? खरी मानसशास्त्रीय कथा तिथून सुरू झाली असती. चित्रपट तिथे थांबतो.

बल्लारपूरच्या लेखकाला सामग्री शोधायला मुंबईच्या बंगल्यात जायला नको. कारखान्याचा भोंगा, खाणीतला सुरुंग, रात्री स्टेशनात शिरणारी गाडी हे आवाज इथे आहेतच. शेजारी जंगल आहे. समजा, उन्हाळ्यात दोन बाया पहाटे तेंदूपत्ता तोडायला निघाल्या आहेत. वाटेवर वाघाचे ताजे पाऊल एकीला दिसते, दुसरीला नाही. सांगितले तर दोघींना परतावे लागेल आणि दिवसाची मजुरी बुडेल. ती गप्प राहते. वाघ एकदाही दाखवू नका. कॅमेरा त्या गप्प बाईच्या चेहऱ्यावर ठेवा, मैत्रिणीच्या पैंजणांचा आवाज झुडपांआड दूर जाऊ द्या आणि संध्याकाळी पुडकी मोजेपर्यंत कथा लांबवा. मैत्रीण सुखरूप परतली तरी ताण संपणार नाही, कारण रात्री त्या बाईला स्वतःच्या गप्प बसण्याशी झोपायचे आहे.

सिनेमाचे तंत्र अवश्य घ्यावे. मात्र ते कशासाठी वापरायचे, हे लेखकाने आधी ठरवावे. वाचकाला दचकवण्यापुरते ते वापरले तर कथा दोन दिवसांत विसरली जाते. पात्राच्या मनातला निर्णय उजेडात आणण्यासाठी वापरले, तर आमच्या मते रहस्यकथेला साहित्यात मानाची जागा मागण्याचा हक्क मिळतो.