निर्माता कोणास म्हणावे?
युरोपीय संघाचा यंत्रविषयक नियम २०२३/१२३० हा २००६ च्या निर्देशाची जागा घेणार असून त्याच्या अंमलासाठी २० जानेवारी २०२७ हा दिवस ठरला आहे. डिजिटल सूचनापुस्तिकेची मुभा हाच त्यातील मुख्य बदल मानून केलेली तयारी वरवरची ठरेल. नियमाचे मर्म ‘लक्षणीय फेरबदल’ या व्याख्येत आहे. मूळ निर्मात्याने न योजिलेल्या फेरबदलाने नवा धोका उद्भवून वा जुना वाढून अधिक संरक्षक योजना आवश्यक झाली, तर फेरबदल करणाराच सामान्यतः निर्माता ठरतो. हे तत्त्व न्याय्य होय. परंतु काय योजिले होते, हे मूळ आरेखनाच्या नोंदींवाचून सिद्ध कसे व्हावे? नोंदी अपुऱ्या असल्यास अपघातानंतर उत्तरदायित्वाचा वादच उरेल. तयारीचा आरंभ म्हणूनच आरेखनाच्या मेजावर व्हावयास हवा.