'सांगत्ये ऐका' : कथन, श्रवण आणि वाचकाची भूमिका

मराठी स्त्री-आत्मचरित्रांच्या चर्चेत हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' (1970) या पुस्तकाचा उल्लेख 'धीट आत्मकथन' असा हमखास होतो. संघर्ष, जिद्द, मनोधैर्य हे शब्दही ओघाने येतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या शब्दांनी पुस्तकाचा गौरव होतो, पण ते ऐकायचे राहून जाते.

हे आत्मचरित्र मुळात लिहिलेले नाही, सांगितलेले आहे. अरुण साधू यांनी ते शब्दबद्ध केले आणि ते आधी 'माणूस'मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षक अनंत माने यांच्या 1959 च्या चित्रपटाचे. पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चाललेल्या त्या चित्रपटाची पुण्याई पुस्तकाला लाभली असेलही. परंतु 'सांगत्ये' हे बोलीतले रूप आणि 'ऐका' ही विनंतीवजा आज्ञा येथे नव्याने अर्थपूर्ण ठरतात. आपल्याकडील व्रतांच्या कहाण्याही श्रोत्याला असेच साद घालून सुरू होतात. फरक शेवटाचा आहे. कहाणी सुफळ संपूर्ण होते, वाडकरांची होत नाही. घरच्यांच्या पोटासाठी कोवळ्या वयात चित्रपटात आलेली रतन साळगावकर 'संत सखू' (1941), 'रामजोशी' (1947) अशा चित्रपटांतून कीर्ती मिळवते. त्याच बाईच्या वाट्याला मराठवाड्यातील एका घरात तिसरी बायको म्हणून बंदिवासासारखे जिणे येते. दारू, घर सोडणे, परतणे, पुन्हा सोडणे हे सारे ती सांगते. क्षमा मात्र मागत नाही आणि स्वतःला आदर्शही ठरवत नाही.

कबनूरसारख्या यंत्रमागांच्या गावात, खिडकीबाहेर खडखडाट चालू असताना, यातील काही भाग वर्गात मोठ्याने वाचला. एका विद्यार्थिनीने विचारले, ''सर, मग पुढे त्या सुधारल्या का?'' प्रश्न गैर नव्हता. समीक्षकही तोच विचारतात, फक्त पारिभाषिक संज्ञा वापरून. (प्रस्तुत लेखकानेही एम. फिल.च्या काळात तेच केले होते.) कष्टांच्या मोबदल्यात विजय हवा, ही श्रोत्याची अपेक्षा असते आणि वाडकर ती पुरी करत नाहीत. श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'नेही (1977) तो मोह टाळला.

पुस्तकाची मर्यादा मात्र नोंदवली पाहिजे. साधूंचे प्रश्न मजकुरात नाहीत. त्यामुळे कोणते मौन वाडकरांचे आणि कोणते शब्दांकनाचे, हे वाचकाला ठरवता येत नाही. जसबीर जैन व शोभा शिंदे यांच्या इंग्रजी अनुवादाचे (2013) शीर्षक 'यू आस्क, आय टेल' असे आहे; विचारणारा तेथे निदान मुखपृष्ठावर तरी परत आला.