घर आणि ओटला

आकाशवाणीच्या विनोदी श्रुतिकांचा विषय निघाला की आपल्या मंडळींत स्मरणरंजन सुरू होते आणि समीक्षा थांबते. त्या श्रुतिकांना वाङ्मय म्हणून काही मोल होते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इंदूरच्या मराठी श्रोत्याने तो अवश्य विचारावा. कारण त्याच्या कानांवर दोन निरनिराळ्या परंपरांचे संस्कार झालेले आहेत.

पहिली परंपरा मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ची. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू (पुढे करुणा देव) आणि बाळ कुडतरकर या तीन आवाजांवर ते घर उभे होते. पंत, मीनावहिनी आणि त्यांच्या बोलण्यात हक्काने पडणारे टेकाडे भावजी, एवढाच संसार. पतिपत्नींचीच कुरबुर असती, तर श्रोत्याला दाराआडून ऐकल्यासारखे वाटले असते. भावजींच्या उपस्थितीमुळे तिला मर्यादाही आली आणि रंगतही. रंगभूमीवर नटाला प्रेक्षकांचा हशा सावरून घेतो. ध्वनिक्षेपकापुढे ती सोय नाही. तेथे विनोद स्वराच्या चढउतारावर आणि नेमक्या विरामावरच तोलावा लागतो. रोष आणि जिव्हाळा एकाच वाक्यात ऐकविणाऱ्या मीनावहिनी हे या लेखनप्रकाराचे खरे यश होय.

दुसरी परंपरा आपल्या मालवा हाऊसची. १९५५ साली सुरू झालेल्या इंदूर केंद्रावरून नंदाजी आणि भेराजी मालवीत गप्पा मारीत. मुंबईचा प्रपंच घराच्या चार भिंतींतला. या गप्पा ओटल्यावरच्या. शेतीचा सल्ला त्या थट्टेत असा मिसळलेला असे, की ऐकणाऱ्याला उपदेश जाणवू नये. कधी तो जाणवेही, आणि मग पात्राचा आवाज क्षणभर सरकारी होई.

१९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीच्या ‘हवामहल’शी तुलना केली, तर या दोहोंचे वैशिष्ट्य ध्यानी येते. ‘हवामहल’मध्ये रोज नवी नाटिका, नवी माणसे. येथे माणसे तीच. त्यामुळे अर्धा विनोद श्रोत्याच्या ओळखीतच तयार असे. मर्यादाही त्यातूनच आली. प्रत्येक भांडण समेटाकडे वळणार हे ठरलेलेच. ज्या दुःखाला समेट नाही, ते या घराच्या उंबऱ्याबाहेरच राहिले.

तथापि खरी चूक आपल्या ऐकण्यात होती. मुंबईचा आवाज आपण प्रमाण मानला आणि मालवी गप्पा करमणूक म्हणून सोडून दिल्या. वास्तविक घरची बोली संकोच न करता सर्वांसमोर बोलता येते, हा धडा नंदाजी-भेराजी आपल्याला देत होते. आपल्या इंदुरी मराठीत हिंदी-मालवीचे शब्द मिसळले म्हणून पुण्याच्या पाहुण्यांपुढे आपण ओशाळत राहिलो. त्या मराठीतली एखादी श्रुतिका आपण लिहिली असती, तर तिलाही तिचे पंत आणि वहिनी मिळाले असते.

ती बोली बोलणारी वडीलधारी माणसे आपल्या घरांत अद्याप आहेत. त्यांच्या गप्पा ध्वनिमुद्रित करून ठेवणे, हे या श्रुतिकांचे ऋण फेडण्याचे पहिले पाऊल ठरेल.